टाच मारण्यापूर्वी

मराठी ऐतिहासिक कादंबरीत एक प्रसंग हमखास येतो. खलिता पोहोचवायचा असतो, रात्र अंधारी असते, आणि नायक घोड्याला टाच मारतो. टाच लागली रे लागली, की घोडा वाऱ्यासारखा सुटतो. त्याला दुसरी टाच मारावी लागल्याचे निदान माझ्या वाचनात नाही. कादंबरीतल्या घोड्यांना आळस ठाऊकच नसतो.

आता रविवारी सकाळी पुण्यामुंबईकडच्या एखाद्या घोडेस्वारीच्या वर्गावर जाऊन पाहा. दहाबारा वर्षांचा मुलगा डोक्यावर टोप चढवून मोठ्या ऐटीत खोगिरावर बसलेला असतो. कुंपणाबाहेर आईवडील उभे असतात. मुलगा टाच मारतो. घोडा कान हलवतो. मुलगा पुन्हा मारतो. घोडा चार पावले टाकतो आणि थांबतो. बाहेरून वडील ओरडतात, "अरे, जोरात मार की!" मुलगा जोरात मारतो, मग आणखी जोरात मारतो. अर्ध्या तासाने घामाघूम झालेला असतो तो मुलगा. घोड्याच्या अंगावरचा केसही भिजलेला नसतो. घरी परतताना सर्वांचे एकमत होते की, घोडा आळशी आहे.

त्या घोड्याचे वकीलपत्र घेऊन आज मी चार शब्द लिहिणार आहे.

प्रथम एक साधी गोष्ट लक्षात घ्या. घोड्याच्या कुशीवर माशी बसली, तर तेवढ्याच जागची कातडी थरथरते आणि माशी उडून जाते. घोड्याच्या कातडीखाली यासाठी एक पातळ, पसरट स्नायूच असतो. ज्या कुशीला माशीचे पाय कळतात, तिला तीसचाळीस किलो वजनाच्या मुलाची लाथ कळत नाही, असे कसे म्हणावे?

घोड्याच्या जाणिवेची याहून मोठी साक्ष जर्मनीत मिळाली. विसाव्या शतकाच्या आरंभी बर्लिनमध्ये फोन ओस्टेन नावाच्या गणिताच्या निवृत्त शिक्षकाचा हान्स हा घोडा फार गाजला होता. बेरीज-वजाबाकीचे उत्तर तो पायाचा खूर आपटून देई. पुढे ऑस्कर फुंग्स्ट या मानसशास्त्रज्ञाने कसून तपास केला आणि 1907 साली आपला निष्कर्ष प्रसिद्ध केला. घोड्याला गणित येत नव्हते. बरोबर आकडा आला, की प्रश्न विचारणाऱ्याचे डोके नकळत किंचित हलत असे, आणि तेवढे पाहून हान्स खूर आपटणे थांबवी. विचारणाऱ्याला स्वतःलाही न कळलेली हालचाल त्या जनावराने टिपली होती! सगळे घोडे याच जातीचे. तेव्हा "त्याला कळत नाही" हा आरोप टिकत नाही.

मग तो हलत का नाही? कारण हलू नये, असे आपणच त्याला शिकवलेले असते.

घरातल्या घड्याळाची टिकटिक आपल्याला ऐकू येते का? पाहुण्याला येते; आपल्या ती अंगवळणी पडलेली असते. जी गोष्ट सतत घडते आणि जिच्यातून पुढे काहीच निष्पन्न होत नाही, तिच्याकडे लक्ष देणे कोणताही जीव सोडून देतो. वर्गावरच्या घोड्याच्या पाठीवर दिवसाकाठी निरनिराळी नवशिकी मुले बसतात. प्रत्येकाचे पाय प्रत्येक पावलागणिक त्याच्या बरगड्यांवर आपटत असतात. काही मुद्दाम, तर बरेचसे तोल सावरताना. घोडा उभा असला तरी पाय आपटतात, चालला तरी आपटतात. यातला कोणता पाय "चल" म्हणतो आणि कोणता नुसताच लोंबकळतो, हे त्याने कसे ओळखावे? तो बिचारा एकदा सगळ्याच पायांकडे दुर्लक्ष करायचे ठरवून टाकतो. त्याच्या बाजूने पाहिले, तर हा शहाणपणाचाच निर्णय म्हणायचा.

त्यातून आणखी एक गंमत असते. मूल घाबरलेले असले, की टाच मारता मारता लगाम खेचून धरते. पाय म्हणतात "चल", हात म्हणतात "थांब". दोन वरिष्ठांनी एकाच वेळी दोन उलट हुकूम दिले, तर कचेरीतला कारकून काय करतो? जागेवर बसून राहतो. घोडाही तेच करतो.

मात्र शिकवणीकडे वळण्यापूर्वी घोड्याची तपासणी व्हायला हवी, कारण आळस म्हणून जे दिसते ते पुष्कळदा दुखणे असते. खोगीर पाठीला नीट बसत नसेल, तर पुढचे प्रत्येक पाऊल त्याला बोचते. घोड्याच्या वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडा झिजून धारदार होतात आणि गालाला टोचतात. त्या वेळोवेळी कानशीने घासाव्या लागतात. नाल सैल झाला असेल, खूर दुखत असेल, पाठ आखडली असेल, पोटाला पुरेसे मिळत नसेल किंवा वैशाखातले ऊन असेल. अशा घोड्याला टाच मारणे म्हणजे तापाने फणफणलेल्या मुलाला अभ्यासाला बसवण्यासारखे आहे. कालपर्यंत चांगला चालणारा घोडा आज एकाएकी मंदावला असेल, तर आधी पशुवैद्य आणि नालबंद यांना दाखवावे. मोतद्दारालाही विचारावे, घोड्याने दाणा टाकला का, हे सर्वांच्या आधी त्यालाच ठाऊक असते.

घोडा धडधाकट आहे, एवढी खात्री झाली की मग शिकवणी. ती ऐकायला सोपी आहे. करायला मात्र संयम लागतो.

पहिली गोष्ट म्हणजे पाय शांत ठेवणे. मांड पक्की हवी ती यासाठीच. रिकिबीत पाऊल, टाच किंचित खाली, आणि पोटरी तंगाजवळ घोड्याच्या अंगाला हलकेच टेकलेली. काही सांगायचे नसेल, तेव्हा पायाने काहीही बोलू नये. जो सारखा बडबडतो त्याचे कोण ऐकतो?

दुसरी गोष्ट म्हणजे हळू विचारणे. भाषेने आपल्याला "टाच मारणे" हा शब्दप्रयोग दिला खरा, पण चांगला स्वार टाचेचा उपयोग फार क्वचित करतो. तो पोटरीच्या आतल्या बाजूने घोड्याला हलके दाबतो, पिळलेला पंचा हातात दाबावा तितकेच. त्याच क्षणी लगामाचा हात थोडा सैल सोडतो, म्हणजे पुढची वाट मोकळी होते. घोडा पुढे झाला, की दाब तत्काळ काढून घ्यायचा. सगळे मर्म या तत्काळमध्ये आहे. घोडा शिकतो तो दाब पडल्यामुळे नव्हे, तर दाब गेल्यामुळे. आपण जे केले त्याने त्रास थांबला, एवढेच त्याच्या डोक्यात नोंदले जाते. पाऊल टाकल्यावरही दाब चालूच राहिला, तर पाऊल टाकून उपयोग नाही, अशीच उलटी नोंद होते.

तिसरी गोष्ट, हळू विचारून उत्तर आले नाही तर काय करावे? तेच हळू विचारणे दहादा करू नये. एकदा हलका दाब द्यावा. प्रतिसाद नाही, तर लगेच पायाच्या मागे छडीने टकटक करावी आणि घोडा पुढे होईपर्यंत ती सोडू नये. हे मारणे नसावे. शेजाऱ्याचे दार ठोठावण्याइतकेच ते असावे. घोडा पुढे झाला, की छडी आणि पाय दोन्ही स्तब्ध. तो दचकून चार पावले दुडकत गेला, तरी लगाम ओढून त्याला दटावू नये. तुम्ही पुढे जा म्हणालात, तो गेला. आता त्याबद्दल शिक्षा कसली?

यानंतर लगेच पुन्हा थांबवून पुन्हा हलकाच दाब द्यायचा. या खेपेला बहुधा छडी लागत नाही. हलक्या दाबानंतर काय येते, हे त्याच्या ध्यानात आलेले असते, आणि ते येण्यापूर्वीच तो निघतो. तो निघाला, की मान जिथे पाठीला मिळते त्या उंचवट्यापाशी बोटांनी खाजवावे. घोडे एकमेकांना नेमके तिथेच दातांनी खाजवतात. त्या जागी खाजवल्याने घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात, हे 1993 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात मोजून दाखवण्यात आले आहे. पाठीवर मोठ्याने थापा मारण्यापेक्षा हे खाजवणे त्याला अधिक कळते.

असे दहापंधरा मिनिटे पुरे. चाल, थांबा, पुन्हा चाल, थोडी दुडकी, पुन्हा चाल, असे फेरफार ठेवावेत. एकाच वर्तुळात तासभर फिरवले, तर उत्साही घोडाही कंटाळतो. आणि शेवट चांगल्या उत्तरावर करून खाली उतरावे.

इथे माथेरान-महाबळेश्वरला जाऊन आलेले वाचक म्हणतील, आम्ही तिथल्या घोड्याला हलके दाबले आणि जोरानेही दाबले, तो ढिम्म हलला नाही. बरोबर आहे. ज्या घोड्याचा दोर घोडेवाल्याच्या हातात असतो, तो त्याच्या चालीकडे आणि तोंडाच्या आवाजाकडे लक्ष ठेवून असतो. पाठीवरचे गिऱ्हाईक हे त्याच्या लेखी ओझे आहे. आणि ओझ्याने केलेल्या सूचना कोण मनावर घेतो? तिथे पाय स्वस्थ ठेवून डोंगर पाहावेत, हेच उत्तम.

परंतु ज्या मुलांना आपण पैसे भरून स्वारी शिकवायला पाठवतो, त्यांच्या बाबतीत हा प्रश्न गंभीर आहे. टाचेने भागले नाही की छडीचा मार येतो, छडीने भागले नाही की बुटाला लावायचा लोखंडी काटा येतो. प्रत्येक पायरीला घोड्याची कूस अधिक निबर होते, आणि शेवटी "हा कामाचा नाही" असा शिक्का बसून त्याची रवानगी कुठे होते, हे कोणी विचारीत नाही. मुलाचेही नुकसान होतेच. आपले ऐकले गेले नाही, तर आवाज आणि मार वाढवायचा, हा धडा त्याने खोगिरावर गिरवलेला असतो. आणि असा धडा खोगिरावरच राहत नाही.

ग्रीक सेनानी झेनोफोन याने इसवी सनापूर्वी चौथ्या शतकात घोडेस्वारीवर एक लहानसे पुस्तक लिहिले. धाकाने करवून घेतलेले काम घोड्याला समजत नाही आणि पाहणाऱ्यालाही शोभिवंत वाटत नाही, असे त्याचे मत होते. हा माणूस स्वतः लढायांत मुरलेला होता. तेव्हा हे भाबड्या मनाचे बोलणे नव्हे.

सुट्टीत मुलाला घोड्यावर बसवाल, तेव्हा कुंपणाबाहेरून "जोरात मार" असे ओरडू नका. "पाय शांत ठेव, एकदाच सांग, आणि त्याने ऐकले की लगेच सोड," एवढेच सांगा. घोडा चालेल. आणि पुढेमागे हेच वाक्य मुलाने अभ्यासाच्या वेळी आपल्यालाच ऐकवले, तर तेही ऐकून घ्यायची तयारी ठेवा.