अर्धी भट्टी भरली की कार्बन मोजा

चेन्नईच्या उत्तरेला गुम्मिडिपूंडीच्या औद्योगिक वसाहतीत भंगार आणि स्पाँज आयर्न वितळवून सळईचं पोलाद करणाऱ्या इंडक्शन भट्ट्या आहेत. आपल्याकडे जालन्यात आहेत तशाच. देशातल्या कच्च्या पोलादाचा साधारण तिसरा हिस्सा या भट्ट्यांतून येतो, आणि छोट्या घरांच्या, चाळवजा इमारतींच्या स्लॅबमध्ये बरंचसं हेच पोलाद जातं. या सळयांच्या दर्जाची चर्चा मात्र नेहमी तयार मालापाशी सुरू होते: वाकवल्यावर तडा जातो का, आयएसआय चिन्ह आहे का. खरं तर दर्जाचा मोठा भाग त्याआधीच, भट्टीत धातू वितळत असताना ठरलेला असतो. म्हणून तपासणीचा पहिला मुक्कामही तिथेच हवा.

सळईसाठी भारतीय मानक आयएस १७८६ लागू आहे. त्यानुसार ‘एफई ५००’ प्रतीत कार्बन ०.३० टक्क्यांपेक्षा जास्त चालत नाही. ‘एफई ५००डी’ या अधिक लवचिक प्रतीत ही मर्यादा ०.२५ टक्के आहे. फरक दिसतो किरकोळ, म्हणजे टनामागे अर्धा किलो. पण कार्बन वाढला की सळईची ताकद वाढते आणि ताणलं जाण्याची क्षमता घटते. वेल्डिंगच्या जोडाजवळचा भाग कडक होऊन तडकण्याचा धोकाही वाढतो. मानकात ‘५००’साठी किमान १२ टक्के आणि ‘५००डी’साठी १६ टक्के ताण मागितला आहे, तो याचसाठी. भूकंपात इमारतीला वेळ मिळतो तो सळई तुटण्याआधी ताणली जाते म्हणून. २००२ साली देशाचा भूकंप-नकाशा सुधारला गेला तेव्हा चेन्नई दुसऱ्या क्षेत्रातून तिसऱ्यात गेली. त्यामुळे ‘कार्बन जास्त म्हणजे सळई जास्त मजबूत’ हा दुकानातला समज तिथे विशेष महाग पडू शकतो.

मोठ्या एकात्मिक कारखान्यात ही अडचण वेगळी असते. तिथे झोतभट्टीतून येणाऱ्या द्रवात सुमारे चार टक्के कार्बन असतो. कन्व्हर्टरमध्ये ऑक्सिजन फुंकला की तो कार्बन मोनॉक्साइड होऊन निघून जातो. इंडक्शन भट्टीला ही सोय नाही. तिचं अस्तर बहुधा सिलिकेचं असतं. ऑक्सिजनचा मारा ते सोसत नाही. स्पाँज आयर्नमध्ये उरलेला लोहाचा ऑक्साइड थोडा कार्बन जाळतो, पण त्यावर नेमका हिशेब बांधता येत नाही. थोडक्यात, ही भट्टी म्हणजे वीज लावलेली मूसच. तमिळ प्रदेशातले कारागीर दोन हजार वर्षांपूर्वीपासून मुशीत लोखंड आणि लाकूड-पाला बंद करून एक ते दोन टक्के कार्बनचं पोलाद बनवत. त्यांचंही सारं कौशल्य मुशीत काय घालायचं यात होतं. त्यांच्या एका मुशीतून एक छोटा गोळा निघे. आज वीस टनांच्या एका हीटमधून, म्हणजे भट्टीच्या एका खेपेतून, बारा मिलिमीटर जाडीच्या, बारा मीटर लांबीच्या सुमारे अठराशे सळया निघतात. अंदाज चुकला तर तो अठराशे ठिकाणी चुकतो.

इथे साधं गणित कामाला येतं. वीस टनांच्या भट्टीत दहा टन द्रव असताना नमुना घेतला आणि कार्बन ०.३५ टक्के निघाला, तर उरलेले दहा टन ०.१५ टक्के कार्बनचं भंगार घालून सरासरी ०.२५ वर आणता येते. हाच आकडा भट्टी काठोकाठ भरल्यावर कळला, तर आणखी माल घालायला जागाच नसते. कार्बन कमी पडला तर ग्रॅफाइट किंवा पेट्रोलियम कोकची पूड टाकून वाढवता येतो. जास्त झाला तर अर्धा द्रव ओतून काढण्यावाचून फारसा इलाज नाही. मानकात ओतकामाच्या वेळच्या, म्हणजे लॅडलमधल्या पृथक्करणाची तरतूद आहे, ती आवश्यकच आहे. पण लॅडलमधला आकडा निकाल सांगतो, दुरुस्तीची संधी देत नाही. वीज जळून गेलेली, मोल्ड तयार, रोलिंग मिल वाट पाहते आहे. अशा वेळी नकोसा आकडा नजरेआड करण्याचा मोह मोठा असतो. म्हणून भट्टी अर्धी भरल्यावर एक मोजणी आणि ओतण्यापूर्वी दुसरी, अशा दोन नोंदी प्रत्येक हीटमागे सक्तीच्या कराव्यात.

हे तंत्र दुर्मीळ नाही. द्रवातून काढलेला छोटा नमुना घासून स्पेक्ट्रोमीटरखाली ठेवला की काही मिनिटांत कार्बन कळतो. दुसरा मार्ग गोठण्याच्या तापमानाचा: या मर्यादेत कार्बन ०.१ टक्क्याने वाढला की पोलाद सुमारे आठ अंश सेल्सियस खाली गोठू लागतं. त्यामुळे तापमापक बसवलेल्या छोट्या कपात द्रव ओतून अंदाज बांधता येतो. मात्र सिलिकॉन, मँगेनीज आणि फॉस्फरसही हे तापमान खाली आणतात, त्यांची वजावट करावी लागते. फक्त कार्बनवर एवढा भर का, सळई फॉस्फरसनेही ठिसूळ होते, असा आक्षेप रास्त आहे. पण स्पेक्ट्रोमीटरची तीच ठिणगी फॉस्फरस आणि गंधकही दाखवते. सिलिकेच्या अस्तरात चुन्याची मळी टिकत नसल्याने फॉस्फरस काढणंही अवघड. तेव्हा वेळेवर घेतलेला नमुना तिथेही तितकाच उपयोगी.

छोट्या कारखान्यांना हा खर्च पेलवेल का, हा दुसरा आक्षेप. स्वतःचा स्पेक्ट्रोमीटर नसलेल्यांसाठी वसाहतीत सामायिक प्रयोगशाळा हवी, पण ती भट्ट्यांपासून काही मिनिटांवर; नाहीतर अर्ध्या भट्टीच्या नमुन्याला अर्थ उरत नाही. कोणी म्हणेल, या भट्ट्या बंदच करा. चीनने २०१७ मध्ये तेच केलं. पण भंगार पुन्हा वापरात आणणारा, हजारोंना रोजगार देणारा हा उद्योग मोडून त्याची जागा तातडीने भरणं आपल्याला परवडणारं नाही. मुशीची मर्यादा मान्य करून मोजणी कडक करणं अधिक शहाणपणाचं. आणि आयएसआय चिन्ह आहेच की, असं म्हणणाऱ्यांनी सोन्याकडे पाहावं. चिन्ह असूनही २०२१ पासून दागिन्यांना स्वतंत्र ओळख क्रमांक आला, कारण ग्राहकाला त्या विशिष्ट दागिन्याची खात्री हवी असते. सळईचं बंडलही तसंच ओळखता यायला हवं: पट्टीवर हीट क्रमांक, आणि तो मोबाइलवर टाकला की कार्बनच्या दोन्ही नोंदी समोर.

सुरुवात चेन्नईतच व्हावी. भारतीय मानक ब्यूरोचं दक्षिण विभागीय कार्यालय, राष्ट्रीय धातुविज्ञान प्रयोगशाळेचं मद्रास केंद्र आणि संरचना अभियांत्रिकी संशोधन केंद्र, तिन्ही तरमणी परिसरातच आहेत. त्यांनी मिळून नोंदीचा नमुना ठरवावा. मेट्रो आणि राज्याच्या बांधकाम विभागाने निविदेत ती नोंद मागावी. मोठा ग्राहक मागू लागला की बाजार आपोआप वळतो. महाराष्ट्राने जालन्यासाठी हीच अट त्याच वेळी घालावी, म्हणजे एका राज्यात नाकारलेला माल दुसऱ्या राज्यात खपणार नाही.