गैरहजेरीचे निदान

सत्र संपत आले की महाविद्यालयाच्या सूचना फलकावर एक यादी लागते. ७५ टक्के हजेरी न भरलेल्यांची ती यादी, विद्यार्थ्यांच्या भाषेत 'डिफॉल्टर लिस्ट'. मग पालकांना बोलावणे जाते, हमीपत्रे लिहून घेतली जातात, ओळखीच्या डॉक्टरांकडून आजारपणाचे दाखले येतात आणि बहुतेक जण परीक्षेला बसतात. पुढच्या सत्रात पुन्हा तीच यादी, थोड्याफार फरकाने तीच नावे. या साऱ्या खटाटोपात एक प्रश्न क्वचितच विचारला जातो, तो म्हणजे ही मुले वर्गात येत का नाहीत? 'आळशी आहेत', 'मोबाइलने बिघडवले', 'शिकण्याची इच्छाच नाही' ही मोठ्यांची उत्तरे तयार असतात. मुलांना विचारले तर तीही 'मूडच लागत नाही' असे सांगून मोकळी होतात. आधी इच्छा हवी, मग पाय आपोआप वर्गाकडे वळतील, यावर दोन्ही बाजूंचे एकमत दिसते. विज्ञानाचा अनुभव मात्र वेगळा आहे. वर्गापर्यंत पोहोचणे हे इच्छेपेक्षा झोप, सवय, वर्गात काय घडते आणि प्रकृती यांवर जास्त अवलंबून असते. इच्छा बरेचदा मागाहून येते.

मुळात वर्गात बसून फरक पडतो का, हा प्रश्न रास्त आहे. नोट्स व्हॉट्सॲपवर मिळतात, व्याख्याने यूट्यूबवर मिळतात. मार्कस क्रेडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१० मध्ये महाविद्यालयीन हजेरीवरील अनेक अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण प्रसिद्ध केले. प्रवेश परीक्षेतील गुण, शालेय गुण आणि अभ्यासाच्या पद्धती या सर्वांपेक्षा वर्गातील हजेरीचा महाविद्यालयीन गुणांशी असलेला संबंध अधिक घट्ट निघाला. संबंध म्हणजे कारण नव्हे, हे खरे. तरी हजेरीला कमी लेखता येणार नाही. त्याच विश्लेषणातील आणखी दोन निष्कर्ष इथे महत्त्वाचे आहेत. हजेरीचा विद्यार्थ्याच्या स्वभावाशी किंवा प्रेरणेशी असलेला संबंध तुलनेने क्षीण होता. आणि हजेरी सक्तीची केल्याने गुण सरासरीने थोडेच वाढत होते. म्हणजे आळसाचे निदानही अपुरे आणि सक्तीचे औषधही जेमतेम.

पहिले कारण शरीराच्या घड्याळात आहे. वयात येताना हे घड्याळ मागे पडू लागते. झोप आणणाऱ्या मेलाटोनिनचा स्राव रात्री उशिरा सुरू होतो आणि सकाळची जागही लांबते. जर्मन शास्त्रज्ञ टिल रोएनेबर्ग यांच्या गटाने २००४ मध्ये दाखवले की हा उशीर साधारण विसाव्या वर्षापर्यंत वाढत जातो आणि मग घड्याळ हळूहळू पुन्हा अलीकडे सरकते. म्हणजे अकरावीपासून पदवीपर्यंतची वर्षे ही नेमकी उशिरा झोपण्याची वर्षे. त्याच वर्षांत अनेक महाविद्यालयांचा पहिला तास सात-साडेसातला असतो. बदलापूर किंवा विरारहून मुंबईला येणाऱ्या मुलाला त्यासाठी पाचच्या आधी उठावे लागते. खेड्यातून तालुक्याला येणाऱ्या मुलीचा दिवस एसटीच्या पहिल्या गाडीवर ठरतो.

सिंगापूरच्या राष्ट्रीय विद्यापीठात याचा मोठा अभ्यास झाला आणि तो २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. संशोधकांनी २३ हजारांहून अधिक विद्यार्थ्यांच्या वाय-फाय नोंदींवरून वर्गातील उपस्थिती मोजली. सकाळी आठच्या व्याख्यानांची उपस्थिती नंतरच्या व्याख्यानांपेक्षा सुमारे दहा टक्क्यांच्या फरकाने कमी होती. जे आठच्या तासाला येत, त्यांची झोप जवळपास तासाभराने कमी भरत होती. म्हणजे एक तर वर्ग बुडतो, नाही तर झोप. महाराष्ट्रात २०२४ मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नयेत, असा निर्णय झाला. मुलांच्या झोपेची चिंता सरकारी आदेशात उतरली, हे चांगलेच. पण ज्या वयात शरीराचे घड्याळ सर्वांत मागे पडते, त्या वयाच्या मुलांसाठी तसा विचार झालेला नाही. एकाच इमारतीत दोन पाळ्या चालवणारी महाविद्यालये आणि दुपारनंतर कामावर जाणारे विद्यार्थी यांच्या अडचणी खऱ्या आहेत. तरीही सर्वांत अवघड विषय पहिल्या तासाला न ठेवणे एवढे तर वेळापत्रक करणाऱ्यांच्या हातात असते.

झोप पुरली तरी दुसरी अडचण उरते. मेंदू लांबच्या लाभाचे मोल कमी धरतो. सकाळच्या अर्थशास्त्राच्या तासाचा फायदा मिळणार एप्रिलमध्ये आणि पांघरुणाची ऊब मिळते या क्षणी. हा सौदा रोज सकाळी मनाच्या जोरावर जिंकायचा म्हटले तर बहुतेक जण हरतात; ते चारित्र्याचे वैगुण्य नव्हे. खरा धोका पुढे असतो. एक तास बुडतो, पुढच्या तासातले कळत नाही, न कळल्याने बसणे नकोसे होते. चार दिवसांनी गेले तर प्राध्यापक सर्वांसमोर 'आज कसे काय येणे केले?' म्हणून टोमणा मारतील, ही धास्ती असते. न गेल्याने त्या धास्तीतून तेवढ्यापुरती सुटका होते आणि ती सुटकाच बक्षिसासारखी काम करते. टाळण्याची सवय अशीच मुरते. गावातल्या मराठी शाळेतून येऊन इंग्रजी माध्यमाच्या वर्गात बसलेला, घरात पहिल्यांदाच कोणी महाविद्यालयात गेलेले आहे असा विद्यार्थी या फेऱ्यात लवकर अडकतो. 'मला जमत नाही' हे कोणाला सांगण्यापेक्षा 'मूड नाही' म्हणणे त्याला सोपे जाते.

हा फेरा तोडण्यासाठी उत्साहाची वाट पाहणे हा सर्वांत कुचकामी मार्ग. नैराश्यावरील उपचारांत 'बिहेव्हियरल ॲक्टिव्हेशन' नावाची पद्धत आहे. मन उभारी धरेल तेव्हा कामाला लागू, असे रुग्णाला म्हणू दिले जात नाही. आधी छोटी, ठरलेली कृती करायची. उभारी मागाहून येते. निरोगी मनालाही हा क्रम लागू पडतो. मात्र कृती ठरवावी लागते नेमकी. 'उद्यापासून नियमित जाईन' हा संकल्प हवेत विरतो. मानसशास्त्रज्ञ पीटर गोल्विट्झर यांनी 'अमुक झाले की तमुक करीन' या स्वरूपाच्या बेतांचा पुष्कळ अभ्यास केला. २००६ मध्ये त्यांनी आणि पास्कल शीरन यांनी अशा ९४ चाचण्यांचा आढावा घेतला, तेव्हा नुसत्या इराद्यापेक्षा असे बेत ठळकपणे जास्त पार पडतात असे दिसले. 'गजर वाजला की पाय जमिनीवर टेकवीन आणि मोबाइल न उघडता थेट मोरीकडे जाईन', 'सव्वासहाला नाक्यावर मैत्रीण भेटेल, तिच्यासोबत निघेन' हे असे बेत. यात निर्णय आदल्या रात्रीच झालेला असतो. सकाळी मनाशी वाद घालायला जागा उरत नाही.

सवय लागायला किती दिवस लागतात? २१ हा आकडा लोकप्रिय आहे, पण त्याला आधार नाही. लंडनमध्ये फिलिपा लॅली यांच्या अभ्यासात ९६ जणांनी एकेक नवी कृती रोज करून पाहिली. ती अंगवळणी पडायला लागलेला काळ मध्यमानाने ६६ दिवसांचा भरला. काहींसाठी तो १८ दिवसांचा, तर काहींसाठी २५४ दिवसांपर्यंतचा होता. दिलाशाची गोष्ट ही की मधला एखादा दिवस चुकल्याने सवय जडण्यात फारसा खंड पडत नव्हता. तीन आठवडे गैरहजर राहिलेला विद्यार्थी 'सगळा बॅकलॉग भरून काढतो आणि सोमवारपासून जातो' म्हणतो, तेव्हा तो सोमवार येत नाही. त्याने उद्याच्या एका तासाला जावे, मागच्या बाकावर का होईना बसावे आणि शेजाऱ्याची वही मागावी. मागे पडलेले नंतर भरून काढता येते. दार मात्र आधी ओलांडावे लागते.

विद्यार्थ्याने दार ओलांडले तरी आत काय मिळते, याची जबाबदारी महाविद्यालयावरच आहे. अकरावी-बारावीला नाव महाविद्यालयात आणि दिवस खासगी क्लासमध्ये, ही व्यवस्था आता कोणापासून लपलेली नाही. तिला आळा घालण्यासाठी २०१८ मध्ये राज्य सरकारने विज्ञान शाखेच्या कनिष्ठ महाविद्यालयांत बायोमेट्रिक हजेरीचा आदेश काढला. अंगठ्याचा ठसा शरीराची हजेरी नोंदवतो. मनाच्या हजेरीसाठी वर्ग तसा असावा लागतो. पुस्तकातील मजकूर लिहून देणारा तास बुडवणारा विद्यार्थी आळशी असेलच असे नाही, कदाचित हिशेबी असेल. स्कॉट फ्रीमन यांच्या गटाने २०१४ मध्ये विज्ञान, अभियांत्रिकी आणि गणिताच्या २२५ अभ्यासांची तुलना केली. केवळ व्याख्यान ऐकणाऱ्या वर्गात सरासरी ३४ टक्के विद्यार्थी नापास होत. प्रश्न, चर्चा, जोडीने सोडवायची उदाहरणे असलेल्या वर्गात हे प्रमाण २२ टक्के होते. वर्गात असे काही घडले की जे नोट्समध्ये मिळत नाही, तरच येण्याला अर्थ राहतो. ज्या विभागात पदे वर्षानुवर्षे रिकामी आहेत आणि घड्याळी तासिकेवरचे प्राध्यापक एका महाविद्यालयातून दुसऱ्याकडे धावत आहेत, तिथे हे अवघड आहे. पण तासाच्या शेवटी पाच मिनिटांत एक प्रश्न सोडवून घेणे, विद्यार्थ्याला नावाने हाक मारणे, चार दिवसांनी आलेल्याला टोमणा न मारणे, याला अनुदान लागत नाही.

सर्वांत जास्त दुर्लक्षिलेली शक्यता आजाराची आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ च्या पाचव्या फेरीनुसार देशात १५ ते १९ वयोगटातील ५९ टक्के मुलींच्या रक्तात हिमोग्लोबिन कमी होते. जिना चढताना धाप लागणे, दुपारी डोळे मिटणे, वाचलेले लक्षात न राहणे याला घरात 'कंटाळा' म्हणतात. एका साध्या रक्ततपासणीत त्याचे खरे नाव कळू शकते. थायरॉइडचे विकार, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता यांचेही असेच. आणि नैराश्याचे तर पहिले दृश्य लक्षणच अनेकदा गैरहजेरी असते. आवडीच्या गोष्टींतही रस न वाटणे, झोप किंवा भूक बिघडणे, आपण निकामी आहोत असे वाटणे, हे दोन आठवड्यांहून अधिक टिकले तर तो मूडचा प्रश्न राहत नाही. अशा वेळी गजर, बेत आणि उपदेश पुरे पडत नाहीत; डॉक्टर किंवा समुपदेशक लागतो. जगणे नकोसे वाटत असेल, तर दोन आठवडेही थांबू नये. केंद्र सरकारची 'टेली-मानस' सेवा १४४१६ या क्रमांकावर अहोरात्र आणि विनामूल्य मिळते. मराठीतूनही बोलता येते.

म्हणूनच ती यादी सत्राच्या शेवटी लावण्यात फारसा अर्थ नाही. तोवर उशीर झालेला असतो आणि तिच्यातून उरते ती केवळ शिक्षा. हीच यादी तिसऱ्या आठवड्यात काढली आणि तिच्यातील प्रत्येकाशी वर्गशिक्षकाने दहा मिनिटे एकट्याने बोलून घेतले, तर ती रोगाची पूर्वसूचना ठरेल. कोणाची गाडी चुकते, कोण रात्रपाळी करतो, कोणाला इंग्रजी कळत नाही, कोणाचे घरचे मन थाऱ्यावर नाही, हे त्या दहा मिनिटांत कळू शकते. प्रत्येकाचा इलाज वेगळा निघेल. कोणाचा तास बदलावा लागेल, कोणाला सोबतीण शोधून द्यावी लागेल, कोणाला दवाखान्यात धाडावे लागेल. आजच्या व्यवस्थेत खोट्या आजाराला दाखला मिळतो आणि परीक्षेचे दार उघडते. ज्याचा आजार खरा आहे, त्याच्याकडे मात्र दाखला नसतो, कारण आपण आजारी आहोत हेच त्याला अजून कोणी सांगितलेले नसते.