रक्तदानाआधी रक्ततपासणी

मुलींच्या बास्केटबॉल सामन्याला समाजकार्याची जोड द्यावी, ही कल्पना आपण खुशाल उचलावी. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठाच्या प्रशिक्षिका के याऊ यांना कर्करोग झाला होता. २००७ साली त्यांच्या नावाने निधी उभा राहिला. त्या २००९ साली गेल्या. पण महाविद्यालयीन मुली आजही गुलाबी पोशाखात खेळून त्या निधीला पैसे जमवतात.

प्रतापनगरात असा सामना ठरला, की पहिली सूचना येईल रक्तदान शिबिराची. पण थांबा! रक्तदात्याचे हिमोग्लोबिन साडेबारा ग्रॅम तरी लागते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात गुजरातेतील १५ ते ४९ वयाच्या शंभरांतील ६५ स्त्रियांना रक्तक्षय आढळला. म्हणजे जिच्या सामन्यानिमित्त शिबिर भरवायचे, तिलाच बहुधा टेबलावरून परत पाठवायचे! मैदानावर लवकर दमणारी मुलगी आळशीच असते असे नाही, हे क्रीडाशिक्षकांनीही ध्यानात घ्यावे.

तेव्हा पाहुण्यांचे हारतुरे वगळावेत आणि त्या पैशांत तपासणी करावी, सुरुवात खेळाडूंपासून. आकडा ज्याचा त्याला चिठ्ठीवर द्यावा, ध्वनिक्षेपकावरून नव्हे. ज्यांचे कमी भरेल त्यांना डॉक्टरांच्या सल्ल्याने लोहाच्या गोळ्या मिळाव्यात आणि तीन महिन्यांनी फेरतपासणी व्हावी. रक्तदान त्यानंतर. रेल्वेच्या विभागीय कार्यालयातील कुटुंबांनाही आमंत्रण द्यावे. मात्र रांग मध्यंतरातच संपवावी. उरलेला खेळ पाहायलाही माणसे हवीत.