जुगाडाचं कौतुक आता पुरे

परवा शुक्रवारी ऑफिसात एक प्रेझेंटेशन झालं. पहिल्याच स्लाइडवर विहिरीच्या पंपाला जोडलेली एक जुनी मोटरसायकल आणि खाली मोठ्या अक्षरांत 'जुगाड'. एसी हॉलमध्ये कडाडून टाळ्या पडल्या. आपले लोक किती हुशार, रिसोर्सेस नसताना कसं जमवतात वगैरे वगैरे. शेजारच्याने मला कोपरखळी मारली, "काय रे, झोपलास का?" झोपलो नव्हतो. मला मामाची होडी आठवत होती.

मामा मालवणजवळ देवबागला असतो. छोटी फायबरची होडी आहे, सकाळी मासेमारी आणि सीझनमध्ये पर्यटकांना खाडीत फिरवून आणणं. तिला मागे एक आउटबोर्ड इंजिन आहे: जपानी, १५ हॉर्सपॉवर, दोन सिलिंडरचं टू-स्ट्रोक. सेकंडहँड घेतलेलं. कितवा मालक ते विचारू नका, मामालाही माहीत नाही. या इंजिनाची एक खोड होती. दोरी ओढली की चालू व्हायचं, वीसेक मिनिटं मस्त चालायचं आणि मग धाप लागल्यासारखं करून बंद. मग मामा टाकीचं झाकण उघडून पेट्रोल आहे का बघायचा (असायचं), झाकण लावायचा, दोरी ओढायचा आणि इंजिन पुन्हा चालू! तीन मेस्त्रींनी तीनदा कार्ब्युरेटर साफ करून दिला होता. शेवटी सगळ्यांनी मान्य केलं की जुनं आहे, असंच चालणार.

मागच्या डिसेंबरात मी सुट्टीला गेलो होतो. मामा, मामेभाऊ आणि मी, तिघे होडीत. कर्ली नदी जिथे समुद्राला मिळते तिथे, बरोब्बर ओहोटीला, इंजिन बंद पडलं. ओहोटीला खाडीचं सगळं पाणी बाहेर ओढ घेतं. पुढे लाटा फुटत होत्या आणि आम्ही सरळ त्यांच्याकडे चाललो होतो. वल्हं एकच, दुसरं घरी. मामा दोरी ओढतोय, मामेभाऊ एका वल्ह्याने होडी नुसती गोल फिरवतोय आणि मी, फर्स्ट क्लास इंजिनिअर, होडीच्या कडेला घट्ट धरून बसलोय. नशीब की मागून दुसरी होडी येत होती, त्यांनी दोर टाकला. किनाऱ्याला लागल्यावर मामाने झाकण उघडून बघितलं, दोरी ओढली आणि इंजिन पहिल्या फटक्यात चालू!

दुसऱ्या दिवशी मी पाने घेऊन बसलो तर मामा म्हणाला, "चालता मां? मगे कित्याक खोलतंस?"

मंडळी, माझा सगळा राग या एका वाक्यावर आहे. मामावर नाही, वाक्यावर. कारण हेच वाक्य मी रोज ऑफिसात ऐकतो. आमच्याकडे एक सर्व्हर आहे, तो रोज पहाटे तीन वाजता आपोआप रीस्टार्ट होतो. का? तर मेमरी कुठे गळते ते कोणी शोधलं नाही. चालतंय ना? मग कशाला खोलतोस?

तर खोललं. आधी कॉम्प्रेशन मोजलं, कारण तेच गेलं असेल तर बाकी सगळी मेहनत फुकट. दोन्ही सिलिंडर जवळपास सारखे निघाले (दहा टक्क्यांपेक्षा जास्त फरक नको). मग स्पार्क. दोन्हीकडे चांगला. म्हणजे राहिलं पेट्रोल. पाण्याच्या ड्रममध्ये उभं करून चालवलं तर पठ्ठ्या तासभर चालला! कारण आयडलिंगला पेट्रोल लागतं किती? मग होडी जेटीला घट्ट बांधली, गिअर टाकला, थ्रॉटल दिला. विसाव्या मिनिटाला धाप लागली. आणि तेव्हा पहिल्यांदा मी टाकीच्या नळीवरच्या रबरी फुग्याकडे बघितलं. हाताने दाबून पेट्रोल चढवायचा तो फुगा चपटा होऊन बसला होता. कोणीतरी आतून ओढून धरल्यासारखा. झाकण सैल केलं तर फुस्स करून हवा आत गेली.

झाकणावर हवेसाठी एक छोटा स्क्रू असतो. पेट्रोल बाहेर जाईल तितकी हवा आत यायला हवी, नाहीतर टाकीत व्हॅक्यूम होतो आणि पंपाला पेट्रोल ओढता येत नाही. तो स्क्रू एम-सीलने बुजवलेला होता. कोणी बुजवला? मामानेच. लाटांवर टाकी हिंदकळली की तिथून पेट्रोल सांडायचं, म्हणून. त्या दिवशी सगळ्यांनी त्याचं कौतुकच केलं असणार.

म्हणजे बघा, एका जुगाडाने रोग झाला आणि 'झाकण उघडून बघायचं' या दुसऱ्या जुगाडाने तो लपवला. एवढ्यासाठी तिघे समुद्रात जात होतो. उपाय? नवीन झाकण.

खोललंच होतं म्हणून बाकीचंही बघितलं. मागून येणारी थंड पाण्याची धार बारीक होती. मामा तिच्या भोकात तार घालायचा. खाली पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर काढला तर दोन पाती गायब, तुकडे वर पाण्याच्या वाटेत अडकलेले, भोवती मिठाचा थर. गिअर ऑइल दुधाळ, म्हणजे सील गेलेलं आणि पाणी आत. पेट्रोलमध्ये बाइकचं टू-टी तेल, तेही अंदाजपंचे. पाण्याने थंड होणाऱ्या आउटबोर्डला टीसी-डब्ल्यू३ प्रकारचं तेल लागतं, या इंजिनाला पन्नासास एक, म्हणजे दहा लिटरला २०० मिली. बाइकच्या तेलातली राख प्लगवर आणि पिस्टनवर साचते. यातली एकही गोष्ट 'चालू होतंय ना' या परीक्षेत नापास होत नाही. सगळ्या पास होतात... समुद्रात जाईपर्यंत.

आता कोणीतरी म्हणणारच, "तुला काय, पगार आहे. गरीब माणसाने काय करायचं?" मुद्दा खरा आहे, आणि बंद पडलेल्या होडीत मीही तारेने बांधलं असतं, चिकटपट्टी लावली असती, काहीही केलं असतं. किनारा गाठायला जुगाड हवाच. माझं भांडण किनाऱ्याला लागल्यावर तो तसाच ठेवण्याशी आहे. आणि पैशाचंच म्हणाल, तर तीन मेस्त्रींची मजुरी झाकण आणि इंपेलरपेक्षा जास्त झाली होती. जुगाड स्वस्त नसतो, हप्त्याने महाग असतो. हप्ते भरतो तो गरीबच. टाळ्या वाजवणारे आपण.

शिवाय मामाची खरी हुशारी जुगाडात नाहीच. ओहोटीची ओढ किती वाजता सुरू होणार, वाळूचा पट्टा यंदा कुठे सरकलाय, वारा फिरला की जाळं कुठून ओढायचं, हे तो न बघता सांगतो. वर्षानुवर्षं नीट बघून, लक्षात ठेवून कमावलेलं ज्ञान आहे ते. त्याची स्लाइड कोणी करत नाही. एम-सीलची करतात.

आता मामाच्या पडवीत एक वही टांगलेली आहे. समुद्रातून आल्यावर गोड्या पाण्याच्या ड्रममध्ये दहा मिनिटं इंजिन चालवायचं, तारीख लिहायची. तेल मापाच्या बाटलीने. इंपेलर दरवर्षी नवीन. पेट्रोल महिनोन् महिने साठवायचं नाही, कारण आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असतं, ते हवेतलं पाणी धरतं आणि जुन्या रबरी नळ्यांना चांगलं नसतं. होडीत वल्ही दोन. नांगर कायम. कंटाळवाणं आहे सगळं, मान्य. पण ज्याच्यावर माणूस बसतो ते इंजिन कंटाळवाणंच असावं.

मे महिन्यात इंजिन एकदा बंद पडलं. मामाचा फोन आला, "नळीचा कनेक्टर सैल झाल्लो. बसयलंय." म्हणजे स्वतःच शोधून नीट बसवला. झाकणाला हात लावला नाही.

असो. सोमवारी तो सर्व्हर मी खोलणार आहे. मॅनेजर काय म्हणणार ते मला आत्ताच माहीत आहे.