कट्ट्यावरच्या गप्पांना सात-बारा कशाला?

जून २०२५ मध्ये हिंजवडीत तुफान पाऊस झाला आणि आयटी पार्कच्या रस्त्यांची नदी झाली. ‘हे आयटी पार्क आहे की वॉटर पार्क?’ असं विचारणारे व्हिडिओ बघता बघता राज्यभर फिरले. त्याच काळात आयटीतल्या कर्मचाऱ्यांनी ‘अनक्लॉग हिंजवडी आयटी पार्क’ ही ऑनलाइन मोहीम उघडली. जुलैमध्ये तर उपमुख्यमंत्री भल्या पहाटे पाहणीला हजर झाले.

हा सगळा आवाज उठला एक्स, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲपवर. आता गंमत बघा. जिथे रोज लाखो माणसं सॉफ्टवेअरच्या जिवावर पोट भरायला येतात, तिथल्या तक्रारी ज्या भिंतीवर लिहिल्या जातात ती भिंत मात्र सातासमुद्रापलीकडच्या दोन कंपन्यांची. उद्या त्यांनी तुमचं खातं बंद केलं किंवा पोस्ट कुणाला दिसेनाशीच केली, तर दाद कुणाकडे मागायची?

यावरचा उपाय म्हणून ‘विकेंद्रित सोशल मीडिया’चं नाव घेतलं जातं. म्हणजे असं नेटवर्क, ज्याचा एकच एक मालक नसतो. आणि ते नाव निघालं की पुढचं वाक्य ठरलेलं असतं : ‘त्यासाठी ब्लॉकचेन लागेल, स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट लागेल.’ फायनल इयरच्या प्रोजेक्टमध्ये, हॅकेथॉनच्या प्रेझेंटेशनमध्ये हे वाक्य हमखास भेटतं. पण खरंच लागतं का?

आधी ‘कू’ आठवा

दुखणं खरं आहे, हे आधी मान्य करू. २०२० मध्ये बंगळूरमधून ‘कू’ हे ॲप सुरू झालं. मराठीसह अनेक भारतीय भाषांत लिहायची सोय, म्हणून नेत्यांपासून अभिनेत्यांपर्यंत बऱ्याच जणांनी खाती काढली. जुलै २०२४ मध्ये कंपनीने गाशा गुंडाळला आणि तिथे जमवलेले फॉलोअर्स, झालेल्या चर्चा, सगळं तिथेच संपलं. म्हणजे ‘परदेशी कंपनी वाईट, देशी कंपनी चांगली’ एवढा सोपा हा प्रश्न नाही. बटण एकाच्या हातात असलं की तो एक जण बुडाला तरी सगळे बुडतात.

ब्लॉकचेन नेमकं करते काय?

हिंजवडी-माणमध्ये जमिनीला सोन्याचा भाव आला. तिथे सात-बाऱ्यावरच्या एका ओळीची किंमत काय, ते गावातल्या कुठल्याही आजोबांना विचारा. जमीन एकच आणि हक्क सांगणारे चार, अशा वेळी सगळ्यांनी मानलेली एकच नोंद लागते. ब्लॉकचेन म्हणजे तलाठी नसलेला सात-बारा. नोंदवहीची प्रत हजारो कॉम्प्युटरवर, ठरलेल्या नियमाने एकमत झाल्याशिवाय नवी ओळ चढत नाही आणि चढलेली ओळ खोडता येत नाही. स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट म्हणजे या वहीत बसवलेला प्रोग्रॅम. अट पूर्ण झाली की व्यवहार आपोआप होतो.

हे उपयोगाचं नक्की आहे. २०२२ मध्ये गडचिरोली जिल्ह्यातल्या एटापल्लीत जातीचे दाखले पॉलिगॉन या ब्लॉकचेनवर नोंदवण्याचा प्रकल्प हाती घेतला गेला. दाखला खरा की बनावट, हे कुठूनही तपासता यावं हा हेतू. दाखल्याला पक्की नोंद हवीच.

पण कट्ट्यावर मारलेल्या गप्पांचं काय? ‘आज फेज थ्रीला दोन तास अडकलो’ हे वाक्य तुमच्या आधी कुणी लिहिलं की नंतर, यावर जगभरच्या कॉम्प्युटरचं एकमत व्हायची गरज नाही. तेच वाक्य शंभर जणांनी लिहिलं तरी कुणाची जमीन जात नाही. शिवाय एकमताला वेळ आणि पैसा लागतो. इथेरियमच्या मूळ साखळीवर सेकंदाला मोजकेच व्यवहार होतात. व्हॉट्सॲपने २०२० मध्येच सांगितलं होतं, की त्यांच्याकडे दिवसाला १०० अब्ज मेसेज जातात. म्हणजे सेकंदाला ११ लाखांहून जास्त! मूळ साखळीवर उभारलेल्या नव्या साखळ्या वेगवान आहेत, स्वस्तही आहेत. तरी मुळातला प्रश्न राहतोच : ही नोंद हवी कशाला?

सही पुरते

‘पण पोस्ट माझीच आहे हे सिद्ध कसं करणार?’ हा प्रश्न बरोबर आहे आणि त्याचं उत्तर ब्लॉकचेनच्या कितीतरी आधीचं आहे : डिजिटल सही. गुप्त किल्ली तुमच्याकडे, जाहीर किल्ली जगाकडे. तुम्ही सही करायची, कुणीही ती तपासायची. हे गणित १९७० च्या दशकातलं आहे.

‘नॉस्टर’ हे नेटवर्क एवढ्यावरच चालतं. सही केलेली पोस्ट वेगवेगळ्या रिले सर्व्हरवर जाते. एकाने काढली तरी दुसऱ्यावर राहते. ‘मॅस्टोडॉन’ २०१६ पासून चालू आहे. तिथले सर्व्हर ‘ॲक्टिव्हिटीपब’ नावाच्या नियमावलीने एकमेकांशी बोलतात, जीमेलवरून याहूला मेल जावा तसे. ‘ब्लूस्काय’वर कोट्यवधी खाती आहेत आणि स्वतःचं डोमेन नाव हेच तिथे हँडल म्हणून वापरता येतं. या तिघांपैकी कुणीही पोस्टसाठी ब्लॉकचेन वापरत नाही.

मग ब्लॉकचेनवाल्यांचं काहीच खरं नाही का? आहे. एकच नाव दोघांना हवं असेल, तर कुणीतरी निवाडा करावा लागतो. नॉस्टरवर किल्ली हरवली तर ओळखच हरवते. ब्लूस्कायच्या बहुतेक खात्यांची ओळख नोंदवणारी यादी कंपनीनेच उभारली, ही टीका रास्त आहे. नाव, मालकी आणि पैसा, एवढ्यापुरती साखळी कामाची ठरू शकते. ‘फारकास्टर’ने हेच केलं. खात्याची नोंद स्मार्ट कॉन्ट्रॅक्टमध्ये, पोस्ट मात्र वेगळ्या नेटवर्कवर. म्हणजे ब्लॉकचेनच्या बाजूच्या लोकांनीही गप्पांना सात-बाऱ्याबाहेरच ठेवलं.

साखळीलाही मालक भेटतो

‘ब्लॉकचेनवर कुणाची दादागिरी चालत नाही’ असं वाटत असेल तर ‘स्टीम’ची गोष्ट वाचा. लिहा आणि टोकन कमवा, असं हे २०१६ चं ब्लॉकचेनवरचं सोशल नेटवर्क. २०२० च्या सुरुवातीला क्रिप्टो उद्योजक जस्टिन सन यांनी त्यामागची कंपनी विकत घेतली. नेटवर्क कोण चालवणार हे टोकनच्या मतांवर ठरायचं. मोठ्या एक्सचेंजेसनी चक्क ग्राहकांनी ठेवायला दिलेली टोकन वापरून मतदान केलं आणि नेटवर्कचा ताबा पलटला. शेवटी वैतागलेल्या लोकांनी मार्च २०२० मध्ये ‘हाइव्ह’ नावाची वेगळी साखळी काढली. तंत्रज्ञान विकेंद्रित होतं, मतं मात्र मोजक्या तिजोऱ्यांत होती.

खोडरबर हवाच

आता आपल्या वयाचा मुद्दा. मे २०२५ मध्ये पुण्यातल्या एका इंजिनिअरिंगच्या विद्यार्थिनीला इन्स्टाग्रामवर शेअर केलेल्या पोस्टमुळे अटक झाली. तिने ती पोस्ट काही वेळातच काढून माफीही मागितली होती. अखेर मुंबई उच्च न्यायालयाने तिच्या सुटकेचा आदेश दिला आणि कॉलेजने केलेल्या कारवाईलाही स्थगिती दिली.

यातून दोन गोष्टी दिसतात. एक, ‘खोडता न येणारी पोस्ट म्हणजे अभिव्यक्तिस्वातंत्र्य’ हे अर्धसत्य आहे. अटक पोस्टला होत नाही, माणसाला होते. त्याला साखळी नाही, न्यायालयच सोडवतं. दुसरी, विसाव्या वर्षी लिहिलेलं वाक्य मागे घ्यायची मुभा माणसाला हवी. स्क्रीनशॉट राहतात हे खरं. पण मूळ पोस्ट काढली, एवढं तरी सांगता येतं. आपल्या २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यातही स्वतःची माहिती खोडण्याची मागणी करायचा हक्क आहे. कुणालाच खोडता न येणाऱ्या वहीत हा हक्क बजावणार कसा?

खरी अडचण वेगळीच

नोव्हेंबर २०१९ मध्ये ज्येष्ठ वकील संजय हेगडे यांचं ट्विटर खातं बंद झालं, तेव्हा नाराज होऊन बरेच भारतीय मॅस्टोडॉनवर गेले. त्यातले पुष्कळ जण परत आले. ब्लॉकचेन नव्हती म्हणून परतले का? नाही. मित्र तिथे नव्हते म्हणून परतले. सर्व्हरचं बिल कोण भरणार, मराठीतली शिवीगाळ आणि अफवा वाचून कोण आवरणार, सगळा ग्रुप एकदम कसा हलणार, हे प्रश्न कुठलंही स्मार्ट कॉन्ट्रॅक्ट सोडवत नाही. ते माणसांनी बसून सोडवायचे आहेत.

म्हणून उद्या प्रोजेक्टच्या पहिल्या स्लाइडवर ‘ब्लॉकचेन-बेस्ड’ लिहिण्याआधी तीन प्रश्न विचारा. वापरणाऱ्याला आपली ओळख आणि मित्रयादी घेऊन निघून जाता येतं का? चालवणारा उद्या बुडाला तर बाकीचे चालू राहतात का? आणि चुकलेलं मागे घेता येतं का? तिन्हींची उत्तरं ‘हो’ असतील तर ब्लॉकचेन नसली तरी काही बिघडत नाही. आणि ‘नाही’ असतील, तर ती असूनही काही उपयोग नाही. परीक्षकाने ‘ब्लॉकचेन कुठे आहे?’ असं विचारलंच, तर ‘लागली नाही’ हेही इंजिनिअरला शोभणारं उत्तर आहे.