आधी माथेरानचं पान उघडा
थायलंड, कंबोडिया, व्हिएतनाम एकाच दमात आणि कमी पैशांत करायचं, तर खोपोलीकराने जाडजूड गाइडबुक घेण्याआधी त्याच प्रकाशनाच्या भारतावरच्या पुस्तकात आपल्या ओळखीचं माथेरान उघडावं. पावसाळ्यात नेरळहून मिनी ट्रेन बंद, अमन लॉजची शटल मात्र बहुधा चालू, गाड्या दस्तुरी नाक्यापर्यंतच: एवढं चोख असेल तर हनोईच्या बसथांब्यावरही भरवसा ठेवायला हरकत नाही. लेखक वेगळे असतात, कबूल. पण तपासून घेण्याची शिस्त प्रकाशकाची. दर शिळे होतात, ही तक्रारही रास्त. १९७५ च्या ‘साउथ-ईस्ट एशिया ऑन अ शूस्ट्रिंग’ या गाइडबुकातले दर आज निव्वळ करमणूक, तरी नव्या आवृत्तीतून कुठे हात आखडावा लागेल, हे कळतंच. व्हिसाचं पान मात्र खुशाल सोडावं, ते बहुतेकदा गोऱ्यांच्या पासपोर्टासाठी लिहिलेलं असतं.