मलिक अंबर : ‘मालिक’ नव्हे, ‘मोगल’ तर नव्हेच!

भाषणांत, निबंधांत, व्हॉट्सअॅपवर हल्ली सर्रास ‘मालिक अंबर’ चालते. एका कान्याने काय बिघडते, असे विचारणाऱ्यांना माझा उलट प्रश्न आहे : तुमच्या आजोबांच्या नावात कुणी असा काना घुसवला तर चालेल?

मालिक म्हणजे धनी. मलिक म्हणजे राजा, सरदार. जो माणूस एकाहून अधिक वेळा बाजारात विकला गेला, त्यालाच ‘मालिक’ म्हणणे ही थट्टा आहे. ‘मलिक’ हा किताब त्याने दख्खनमध्ये कर्तृत्वावर मिळवला.

उर्दूवाल्यांनीही ऐट मिरवू नये. मीम, लाम, काफ ही तीन अक्षरे जेर-जबर न देता लिहिली की मलिक, मलक, मुल्क, मिल्क काहीही वाचता येते. मूल अडखळले तर दोष शिकवणाऱ्याचा. ‘अंबर’मध्ये लिहायचा नून आणि वाचायचा मीम, मराठी अनुस्वार ‘ब’पुढे हे काम आपोआप करतो. मात्र हे अंबर म्हणजे आकाश नव्हे. ते देवमाशापासून मिळणारे सुगंधी द्रव्य. गुलामांना सुगंधांची, रत्नांची नावे देत : काफूर, याकूत, अंबर. जुन्या पुस्तकांतले ‘मलिकंबर’ मला खटकत नाही. ते मराठी जिभेने आपलेसे केलेले नाव आहे. ‘मालिक’ मात्र निव्वळ आळस आहे.

आता चरित्राकडे वळू. जन्म १५४८च्या सुमारास, इथिओपियात. मूळ नाव चापू. बगदादमार्गे तो अहमदनगरला आला, तिथे चंगेजखानाने त्याला विकत घेतले. हा चंगेज म्हणजे निजामशाहीचा हबशी पेशवा. मंगोल चंगेज १२२७ सालीच वारला होता! पुढे १६०० साली अहमदनगर मोगलांच्या हाती पडल्यावर अंबरने दुसऱ्या मुर्तजाला गादीवर बसवून निजामशाही जगवली. तो स्वतः सुलतान कधीच झाला नाही. १६१०मध्ये त्याने खडकी वसवली, तेच पुढचे औरंगाबाद. १६२६मध्ये तो वारला. कबर खुलदाबादला आहे.

अशा माणसाला ‘मोगल सरदार’ म्हणणाऱ्यांना काय म्हणावे? जहांगीर त्याला आपल्या आत्मचरित्रात शिव्या देतो. अंबरच्या मुंडक्यावर बाण मारतानाचे चित्रही त्याने काढून घेतले. प्रत्यक्षात ते मुंडके त्याला कधी मिळाले नाही.

आपल्यातल्या काही वक्त्यांनाही ऐकवायला हवे. ते अंबरला ‘इस्लामचा सिपहसालार’ करून टाळ्या घेतात. भातवडीला, १६२४ साली, त्याच्यासमोर मोगल आणि आदिलशाही अशा दोन मुसलमान सत्तांच्या फौजा होत्या. त्याच्या बाजूने शहाजीराजे लढत होते. त्यांचे भाऊ शरीफजी तिथेच पडले. ही लढाई धर्माच्या खात्यात कशी मांडणार? ती दख्खनची लढाई होती.

हिंगोलीपासून खुलदाबादपर्यंतचा आमचा मुलूख या इतिहासाचा वारस आहे. इथल्या मुस्लिम मुलाला ‘तुमचे मोगल’ असे ऐकवले जाते, तेव्हा त्याच्याकडे उत्तर असायला हवे : मोगलांना पंचवीस वर्षे दख्खनमध्ये झुंजवत ठेवणारा माणूसही मुसलमान होता आणि मराठे त्याच्या फौजेत होते. पण हे उत्तर देणाऱ्याला नाव आणि साल अचूक ठाऊक हवे. चुकीच्या नावाने दिलेले उत्तर समोरचा हसण्यावारी नेतो. म्हणून शिक्षकांनो, येत्या तासाला फळ्यावर नीट लिहा : मलिक अंबर. पहिल्या ‘म’ला काना नाही.